जुन्या प्रवासी विमानांना विंगलेट बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला पंखाच्या टोकाशी वर वळलेला जो भाग दिसतो, त्याला विंगलेट म्हणतात. आज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक विमानांना तो जन्मतःच असतो. येथील प्रश्न मात्र मुख्यतः विंगलेटशिवाय तयार झालेल्या, काही वर्षे उडालेल्या आणि नंतर हँगरमध्ये आणून हे टोक बसवलेल्या विमानांविषयी आहेत. बोईंग ७३७, ७५७ आणि ७६७ ही त्यातली सर्वांत ठळक उदाहरणे असल्याने उत्तरांचा भर त्यांच्यावरच आहे.

विंगलेट नेमके काय काम करते?

विमान उडते तेव्हा पंखाखालच्या हवेचा दाब जास्त आणि पंखावरच्या हवेचा दाब कमी असतो. या फरकातूनच विमानाला उचल मिळते. परंतु पंख कुठेतरी संपतो, आणि तेथे खालची हवा टोकाला वळसा घालून वर जाऊ पाहते. त्यामुळे पंखामागे दोन मोठे भोवरे तयार होतात. हे भोवरे फिरवण्यासाठी लागणारी ऊर्जा शेवटी इंजिनातून, म्हणजे इंधनातूनच येते. उचल मिळवण्याची किंमत म्हणून मोजाव्या लागणाऱ्या या अडथळ्याला प्रेरित रोध म्हणतात. उंचावर स्थिर वेगाने उडताना, म्हणजे क्रूझमध्ये, एकूण रोधापैकी साधारण ४० टक्के वाटा त्याचा असतो, आणि उड्डाणानंतर विमान कमी वेगाने चढत असताना तर तोच सर्वांत मोठा घटक असतो.

हे भोवरे एरवी दिसत नाहीत. परंतु पावसाळ्यात, मुंबईच्या दमट हवेत विमान उतरत असताना पंखाच्या टोकापासून किंवा फ्लॅपच्या (उतरताना पंखाच्या मागे खाली झुकणाऱ्या पट्टीच्या) कडेपासून मागे सुटणारी बारीक पांढरी दोरी अनेकांनी पाहिली असेल. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब व तापमान एकदम उतरल्यामुळे हवेतली वाफ तेथे थंड होऊन थेंबांच्या रूपाने दिसू लागते.

म्हणजे विंगलेट भिंतीसारखे उभे राहून भोवरा अडवते, असे समजावे का?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. केवळ हवा अडवण्यासाठी पंखाच्या टोकाला सपाट फळी लावण्याची कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १८९७ मध्येच पेटंट करून घेतली होती. अशा फळीने प्रेरित रोध थोडा कमी होतो, परंतु फळीवर घासणाऱ्या हवेमुळे नवा रोध तयार होतो आणि हाती फारसे काही लागत नाही.

विंगलेट ही फळी नसून एक छोटा उभा पंख आहे. टोकाशी फिरणारी हवा त्याच्यावर तिरकी येते, आणि या तिरक्या हवेतून ते जे बल निर्माण करते, त्याचा एक लहानसा भाग पुढच्या दिशेने काम करतो. कोकणच्या किनाऱ्यावर शिडाची होडी समोरून तिरक्या येणाऱ्या वाऱ्यातही शिडाचा कोन साधून पुढे सरकते. विंगलेटही जवळजवळ तेच करते. त्याच वेळी पंखावरची उचल टोकाकडे अधिक पसरते आणि भोवरा कमी जोरकस होतो. भोवरा नाहीसा मात्र होत नाही. जोपर्यंत पंख विमान उचलून धरतो आहे, तोपर्यंत तो नाहीसा होणे शक्यच नाही.

ही कल्पना कोणाची?

आजच्या स्वरूपातले विंगलेट हे अमेरिकेच्या नासा संस्थेतील रिचर्ड व्हिटकम यांचे काम. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन हा विमान कंपन्यांपुढचा जीवनमरणाचा प्रश्न बनला होता, आणि लँग्ली येथील संशोधन केंद्रात व्हिटकम पंखाच्या टोकावर काम करत होते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांचे निष्कर्ष दिले आहेत : प्रेरित रोध सुमारे २० टक्क्यांनी घटला, आणि उचल व रोध यांचे गुणोत्तर सुमारे ९ टक्क्यांनी सुधारले.

त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात अमेरिकी हवाई दलाच्या एका केसी-१३५ या हवेत इंधन पुरवणाऱ्या विमानाला सुमारे २.७ मीटर उंचीची विंगलेट्स लावून प्रत्यक्ष उड्डाणे करण्यात आली, आणि तेवढ्याच इंधनात कापलेले अंतर साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढल्याचे दिसले. एवढे होऊनही हवाई दलाने त्या ताफ्याला विंगलेट्स बसवली नाहीत. त्यांनी नव्या इंजिनांवर पैसे खर्च केले. जुन्या विमानावर पैसे कुठे लावावेत हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही तोच आहे, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते.

त्यापेक्षा पंखच थोडा लांब का करत नाहीत?

केवळ रोधाचा विचार केला तर लांब पंख उत्तमच. परंतु पंख धडाला जेथे जोडलेला असतो, तेथे त्याच्या सगळ्या भाराचा वाकवणारा जोर येतो, आणि टोक जितके दूर तितका हा जोर वाढतो. काठीच्या टोकाला बांधलेले ओझे हाताला जास्त जड लागते, तसेच हे आहे. व्हिटकम यांच्या अहवालातला कळीचा मुद्दा हाच होता : मुळाशी वाकवणारा जोर तेवढाच ठेवून तुलना केली, तर पंख लांबवण्याने मिळणाऱ्या फायद्याच्या दुपटीहून अधिक फायदा विंगलेटने मिळतो.

दुसरे कारण विमानतळावर सापडते. उभे राहण्याच्या जागा आणि टॅक्सीमार्ग पंखांच्या विस्तारानुसार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या रुंदीनुसार, वर्गांत विभागलेले असतात. ३६ मीटरच्या आतील विमाने 'सी' वर्गात, ३६ ते ५२ मीटरमधील 'डी' वर्गात आणि ५२ ते ६५ मीटरमधील 'ई' वर्गात येतात. ७३७-८०० चा मूळ विस्तार ३४.३२ मीटर होता. विंगलेट बसवल्यावर तो ३५.७९ मीटर होतो. म्हणजे मर्यादेच्या आत केवळ वीसएक सेंटीमीटर. ७६७-३०० चा विस्तार ४७.५७ वरून ५०.८८ मीटरवर जातो आणि तोही 'डी' वर्गातच राहतो. टोक वर वळवल्यामुळेच हे जमले.

जुन्या विमानांना विंगलेट बसवण्याची सुरुवात कधी झाली?

सिॲटल येथील एव्हिएशन पार्टनर्स या कंपनीने १९९० च्या दशकात गल्फस्ट्रीम-२ या जुन्या बिझनेस जेटला विंगलेट बसवून दाखवले. कंपनीचे वायुगतिकीतज्ज्ञ लुई ग्रॅट्झर यांनी पंख आणि विंगलेट यांच्यामध्ये तीव्र कोपरा न ठेवता मोठ्या त्रिज्येचे वळण दिले होते. कोपऱ्यात दोन पृष्ठभागांवरची हवा एकमेकींत अडकते आणि रोध वाढतो. सलग वळणात हे टळते. याच कारणामुळे या रचनेला 'ब्लेंडेड', म्हणजे पंखात मिसळून गेलेले विंगलेट, असे नाव पडले.

१९९९ मध्ये बोईंग आणि या कंपनीने मिळून एव्हिएशन पार्टनर्स बोईंग ही संयुक्त कंपनी स्थापन केली. २००१ मध्ये ७३७-८०० ही विमाने ब्लेंडेड विंगलेटसह प्रवासी सेवेत आली. पुढे ७३७-७०० आणि त्याहून जुन्या ७३७-३०० साठी, २००५ मध्ये ७५७-२०० साठी, आणि त्यानंतर ७६७-३०० ईआर साठी अशी विंगलेट्स उपलब्ध झाली. याआधी ७२७ सारख्या आणखी जुन्या विमानांनाही छोटी विंगलेट्स बसवली गेली होती. परंतु हे काम मोठ्या प्रमाणावर झाले ते ७३७ पासूनच.

बसवताना प्रत्यक्षात काय करतात? टोक काढून नवे टोक लावले की झाले का?

बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटते खरे, परंतु खरे काम पंखाच्या आत असते.

विमान हँगरमध्ये आणून नेमक्या जागी टेकवले जाते, जेणेकरून पंखावर वेडावाकडा ताण राहू नये. मूळ टोकाचे झाकण, त्यातील दिवे आणि त्यांच्या वायरी काढून घेतल्या जातात. झाकण निघाल्यावर पंखाची शेवटची रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी फासळी, उघडी पडते. वीस वर्षे उडालेल्या विमानात येथे जुन्या सीलंटचे थर, रंगाचे पोपडे आणि क्वचित गंजाचे पांढरट डाग दिसतात. ते साफ करून तपासल्याशिवाय पुढे एक छिद्रही पाडता येत नाही. मग टोकाजवळच्या रिब, स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य दांडे) आणि त्यांवरचा पत्रा जाड पट्ट्यांनी आणि नव्या जोडभागांनी मजबूत केला जातो, कारण आता टोकाशी पूर्वी नसलेला भार येणार असतो. पंखाचा बराचसा भाग इंधनाची टाकीही असल्यामुळे आत काम करण्यापूर्वी टाकी रिकामी करून तिच्यात हवा खेळवावी लागते, आणि अंग चोरून आत शिरलेल्या माणसाला तासन्‌तास त्या अरुंद जागेत रिव्हेट मारावे लागतात.

त्यानंतर विंगलेट येते. ते मुख्यतः कार्बन तंतूंच्या कंपोझिटचे असून त्याची पुढची कड ॲल्युमिनियमची असते, कारण पाऊस, गारा आणि पक्षी यांचा मारा तिथेच बसतो. ७३७-८०० चे विंगलेट सुमारे अडीच मीटर, तर ७६७ चे सुमारे ३.४ मीटर उंच असते. जोडणी, मजबुती आणि विंगलेट धरून ७३७-८०० चे वजन दोनशे किलोच्या आगेमागे वाढते. काही विमानांत पंखाच्या थरथरीवर, म्हणजे फ्लटरवर, नियंत्रण राहावे म्हणून पंखाच्या पुढच्या कडेत मुद्दाम वजनेही बसवावी लागतात. काही ७३७-८०० विमानांत तर जास्त वजन आणि जास्त वेग अशा स्थितीत स्पीडब्रेक (वेग कमी करण्यासाठी पंखावर उघडणाऱ्या झडपा) आपोआप अर्धवट मिटवणारी यंत्रणाही बसवलेली असते.

शेवटी उड्डाण-व्यवस्थापन संगणकातली कामगिरीची माहिती बदलतात, वैमानिकांच्या पुस्तिका आणि देखभालीच्या वेळापत्रकात पुरवण्या जोडतात. प्रकारानुसार या साऱ्याला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे बहुतेक कंपन्या हे काम मोठ्या तपासणीच्या वेळीच उरकतात. विमान तसेही जमिनीवर असते आणि पंख तसाही उघडलेला असतो.

किती इंधन वाचते?

जाहिरातीत दिसणारा एकच आकडा पुरेसा नसतो, कारण बचत अंतरानुसार बदलते. ७३७-८०० साठी बोईंगने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ५०० सागरी मैलांच्या प्रवासात बचत सुमारे अडीच टक्के, १,००० मैलांत सुमारे साडेतीन टक्के आणि २,००० मैलांत सुमारे चार टक्के होते. १,००० सागरी मैल म्हणजे साधारण १,८५० किलोमीटर, मुंबई ते दुबई या अंतराच्या जवळचा आकडा.

टक्के लहान वाटतात, म्हणून साधा हिशेब मांडून पाहू. ७३७-८०० तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते असे धरले आणि ते वर्षाला ३,००० तास उडते असे मानले, तर वर्षाचे इंधन ७,५०० टन होते. त्याचे साडेतीन टक्के म्हणजे सुमारे २६० टन, लीटरमध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास. एक किलो इंधन जळल्यावर सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एका विमानामागे वर्षाला आठशे टनांहून अधिक उत्सर्जन टळते. इंधनाचा भाव सतत बदलत असल्यामुळे येथे रुपये मांडलेले नाहीत. ज्या दिवशी हिशेब करायचा असेल, त्या दिवशीच्या भावाने लीटरांना गुणावे.

आणखी एक फायदा या टक्क्यांत दिसत नाही. चढताना प्रेरित रोध जास्त असल्यामुळे विंगलेट असलेले विमान अधिक चांगले चढते. उष्ण किंवा उंचावरच्या विमानतळावरून त्याला थोडे जास्त वजन नेता येते, किंवा इतर ठिकाणी इंजिनाचा जोर थोडा कमी वापरून उड्डाण करता येते. जोर कमी वापरला की इंजिनाचे आयुष्य वाढते, आणि इंजिनाची दुरुस्ती ही इंधनाखालोखाल मोठी डोकेदुखी असते.

जवळच्या अंतरांवर विंगलेटचा काहीच उपयोग नाही का?

काहीच नाही असे म्हणणे चूक ठरेल, परंतु फायदा इतका आक्रसतो की वाढलेले वजन आणि खर्च त्याला खाऊन टाकू शकतात. याचा सर्वांत बोलका पुरावा बोईंगनेच दिला आहे. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या ७४७-४०० ची ओळखच तिची उंच विंगलेट्स ही होती. एअर इंडियाच्या ताफ्यातही ही विमाने होती. परंतु जपानच्या देशांतर्गत मार्गांसाठी बनवलेल्या ७४७-४०० डी या प्रकारातून ती विंगलेट्स मुद्दाम वगळण्यात आली, कारण तासाभराच्या उड्डाणांत त्यांचा उपयोग नगण्य होता.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबई–गोवा प्रवासात विमान चढते आणि लगेच उतरू लागते. जे विमान दिवसभर असेच मार्ग करणार आहे, त्याला विंगलेट बसवण्यापूर्वी हिशेब दोनदा तपासावा. तेच विमान रात्री आखाती देशात जाऊन येत असेल, तर उत्तर बदलते.

७५७ विषयी इतके का बोलले जाते?

कारण त्या विमानाला विंगलेटने दुसरा जन्म दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ७५७ हे मुळात मध्यम पल्ल्यासाठी बनवलेले विमान. त्याचे उत्पादन २००४ मध्ये थांबले. परंतु त्याचा पंख आणि इंजिने इतकी ताकदवान होती की कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने ते अटलांटिक ओलांडण्यासाठी वापरायला घेतले : मोठ्या विमानाएवढे प्रवासी मिळणार नाहीत अशी युरोपातली शहरे थेट न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कशी जोडता आली. त्यासाठी लागणारा पल्ल्याचा शेवटचा तुकडा विंगलेटने मिळवून दिला, आणि याच कंपनीने ७५७ वर विंगलेट्स सर्वप्रथम वापरली. आइसलँडएअरनेही आपल्या ७५७ विमानांना ती बसवली.

तरीही विंगलेटची मर्यादा याच मार्गांवर उघडी पडली. २०११-१२ च्या हिवाळ्यात अटलांटिकवरचे समोरून येणारे वारे इतके जोरदार होते की युरोपातून अमेरिकेकडे निघालेल्या अनेक ७५७ विमानांना कॅनडातील गँडर किंवा गूस बे येथे इंधनासाठी उतरावे लागले. पाच टक्क्यांची बचत म्हणजे पाच टक्केच. ती ओढूनताणून दहा टक्क्यांचे काम करत नाही.

एअरबसच्या जुन्या विमानांना बसवता येते का?

अगदी पहिली काही विमाने सोडली तर ए३२० ला टोकाशी वर आणि खाली टोकदार अशी छोटी 'फेन्स' होती. २०१२ च्या अखेरीस सुमारे २.४ मीटर उंचीची शार्कलेट्स, म्हणजे एअरबसची विंगलेट्स, असलेली विमाने येऊ लागली. लांब पल्ल्यावर चार टक्क्यांपर्यंत बचत होते, असे एअरबस सांगते. जुन्या ए३२० ला ती नंतर बसवण्याची सोयही कंपनीने दिली आणि अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीने ती वापरली. मात्र येथेही पंखाची मजबुती करावी लागते, आणि फार जुन्या विमानांच्या बाबतीत ते काम परवडण्यापलीकडे जाते. म्हणूनच फेन्स असलेली बरीच जुनी ए३२० विमाने तशीच निवृत्त झाली.

यासाठी परवानगी कोणाची लागते?

मूळ विमानाच्या प्रकाराला मिळालेले प्रमाणपत्र बदललेल्या पंखाला लागू पडत नाही. म्हणून बदलाची रचना करणाऱ्या कंपनीला पूरक प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे एसटीसी, घ्यावे लागते. अमेरिकेत ते एफएए ही तेथील विमान वाहतूक नियामक संस्था देते. भारतात नोंदलेल्या विमानावर असा बदल करण्यासाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते. प्रमाणपत्र विशिष्ट प्रकारासाठीच असते. एका विमानाचे विंगलेट 'बसते आहे' म्हणून दुसऱ्या प्रकाराला लावता येत नाही.

जुन्या पंखावर जास्त भार टाकणे धोक्याचे नाही का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'काळजी नको' असे वरवरचे उत्तर देऊ नये. भार वाढतो, हे खरे आहे. मजबुती त्यासाठीच असते. परंतु धातूचा थकवा वर्षांनुवर्षांनी दिसतो, आणि बदल केल्यानंतरही नवी माहिती हाती येत राहते. विंगलेट बसवलेल्या ७६७ विमानांच्या बाबतीत पंखाच्या बाहेरील भागातील खालच्या पत्र्यावर थकव्याच्या भेगा पडू शकतात असे लक्षात आल्यावर एफएएने त्या जागेच्या तपासण्या बंधनकारक केल्या. ही पद्धत अपयशाची खूण नव्हे. भेग लहान असताना सापडावी, यासाठीच ती आहे. ज्या कंपनीला विंगलेट हवे आहे पण त्यामागून येणाऱ्या तपासण्यांसाठी वेळ आणि माणसे द्यायची नाहीत, तिने ते बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका बाजूचे विंगलेट नसलेले विमान उडताना दिसले तर घाबरावे का?

नाही. जमिनीवर एखाद्या वाहनाचा किंवा दुसऱ्या विमानाचा धक्का लागून विंगलेट खराब झाले, तर काही प्रकारांच्या विमानांना ते काढून, मंजूर पद्धतीने टोक झाकून, ठरावीक मर्यादांसह उडण्याची मुभा असते. त्यासाठी इंधन आणि वजनाचे हिशेब वेगळे करावे लागतात.

मागच्या विमानाला होणारा भोवऱ्यांचा त्रास कमी होतो का?

व्यवहारात नाही. मागे ठेवायचे अंतर ठरवताना हवाई वाहतूक नियंत्रण मुख्यतः विमानाच्या वजनावर आधारलेली वर्गवारी पाहते. विंगलेट बसवल्यामुळे ती बदलत नाही.

मग ७७७ किंवा ७८७ वर विंगलेट का दिसत नाही?

नव्याने पंख आखायचा असेल तर त्याचे टोक मागे रेललेले आणि निमुळते ठेवूनही तोच फायदा मिळवता येतो. वाढलेल्या विस्ताराचा भार सोसेल असा पंख मुळातच बांधता येतो. ७७७एक्स मध्ये तर विस्तार ७१.७५ मीटर असून जमिनीवर टोके दुमडून तो ६४.८५ मीटर करतात, म्हणजे 'ई' वर्गाच्या ६५ मीटरच्या आत. विंगलेट हे मुख्यतः तयार पंखातून आणखी काही मिळवण्याचे साधन आहे, आणि जुन्या विमानांसाठी ते इतके उपयोगी ठरले त्याचे कारणही हेच.

ब्लेंडेड विंगलेट आधीच असेल तर पुढे काही करता येते का?

७३७ एनजी, म्हणजे ७३७-७००, ७३७-८०० ज्या पिढीत येतात त्या मालिकेसाठी वर आणि खाली अशी दोन टोके असलेले स्प्लिट सिमिटार विंगलेट निघाले आहे. युनायटेड एअरलाइन्सने ते २०१४ मध्ये सर्वप्रथम वापरले. ब्लेंडेडच्या तुलनेत आणखी दोन टक्क्यांच्या आसपास बचत होते.

आमच्या ताफ्यात जुनी विमाने आहेत. निर्णय कसा घ्यावा?

वय हा पहिला प्रश्न नाही. विमान आणखी किती वर्षे आपल्याकडे राहणार, आणि त्या काळात ते किती लांबचे मार्ग करणार, हे आधी लिहून काढावे. विमान भाड्याने घेतलेले असेल, तर करार वाचावा : खर्च भाडेकरूने केला तरी पंख मालकाचाच असतो, आणि परत करताना विंगलेट काढून पूर्वीचे टोक लावून द्या अशी अट असेल तर बचतीचा मोठा भाग तेथेच जातो. मालकाशी आधीच बोलणी केली, तर अनेकदा तो खर्चाचा वाटा उचलायला तयार होतो, कारण विंगलेट असलेले विमान पुढच्या भाडेकरूला देणे त्याला सोपे जाते.

त्यानंतर मोठ्या तपासणीची तारीख पाहावी. ती दोन वर्षांवर असेल आणि विमान तीन वर्षांनी जाणार असेल, तर उरलेल्या एका वर्षासाठी पंख उघडण्यात अर्थ नाही. ती चार महिन्यांवर असेल, करार आठ वर्षांचा असेल आणि मार्ग तीन तासांचे असतील, तर विंगलेटच्या संचाची मागणी आजच नोंदवावी, कारण संच वेळेवर हाती आला नाही तर पुढची संधी पुढच्या मोठ्या तपासणीलाच मिळते.